राणा प्लाझा: मृतांच्या यादीपासून कबरीच्या पाटीपर्यंत

एप्रिल २०१३च्या शेवटच्या आठवड्यात ढाक्याजवळच्या सावर गावातली अधरचंद्र शाळा शवागार झाली होती. कोसळलेल्या राणा प्लाझा या कपडे कारखान्यांच्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून काढलेले मृतदेह इथे आणून ओळीने ठेवत. गाडी आली की हातात फोटो धरलेली माणसं धावत पुढे होत. सुरुवातीला चेहरे ओळखू येत होते. पुढे ऊन वाढलं, दिवस लोटले, तशी ओळख कपड्यांवर, दागिन्यांवर, गळ्यातल्या कारखान्याच्या ओळखपत्रावर आणि खिशातल्या मोबाइलवर आली. शाळेच्या भिंती 'हरवले आहेत'च्या कागदांनी भरून गेल्या.

इमारत का पडली यावर खूप लिहिलं गेलं आहे. हा प्रकरण अभ्यास त्यानंतरच्या गोष्टीचा आहे. १,१३४ माणसं कामावर मेली, त्यांच्या घरच्यांपर्यंत काय पोचलं, कधी पोचलं आणि कुठे अडलं? त्यांची आठवण कोणी आणि कशी जपली? कामावर माणूस गेलेल्या घराला जे कोणी मदत करतात, मग ते युनियनचे कार्यकर्ते असोत, वकील असोत की शेजारी, त्यांना या प्रकरणातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट अगदी साधी आहे: सगळं नावापाशी अडतं. कोण कामावर होतं, कोण गेलं आणि त्याचं कोण आहे, हे तीन कागद तयार नसले तर पैसाही अडतो आणि दुःखही.

घटना थोडक्यात

राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. नववा मजला चढवणं चालू होतं. तळाशी दुकानं आणि एका बँकेची शाखा, वर पाच कपडे कारखाने. २३ एप्रिलला खांबांना भेगा दिसल्या आणि इमारत रिकामी केली गेली. दुसऱ्या दिवशी बँक बंद राहिली. कारखान्यांच्या कामगारांना मात्र बोलावून घेतलं. आला नाहीत तर पगार कापू, असं त्यांना बजावलं होतं. सकाळी नऊच्या सुमारास वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जड जनरेटर सुरू झाले आणि काही क्षणांत इमारत खाली बसली. सुमारे अडीच हजार माणसं जिवंत बाहेर काढली गेली. एक तरुणी तर सतराव्या दिवशी, १० मे रोजी, जिवंत सापडली. त्या बातमीने कितीतरी घरांनी पुन्हा आशा धरली. १३ मेला शोधकार्य थांबलं, तेव्हा ती आशा सोडणं त्यांना आणखी जड गेलं.

पाचही कारखान्यांत युनियन नव्हती. हा उल्लेख पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ म्हणून लक्षात ठेवायचा.

यादी नव्हती, तिथून सुरुवात

त्या दिवशी इमारतीत नेमकी किती माणसं होती, याचा एकच खात्रीचा आकडा कधीच समोर आला नाही. हजेरीचे कागद ढिगाऱ्यात गेले. मालकांकडच्या याद्या जुन्या आणि अपुऱ्या होत्या. कामगार भरतीच्या वेळी वय वाढवून सांगत, कोणी मोठ्या बहिणीच्या नावावर लागलेली असे, कोणी घरच्या हाकेच्या नावानेच ओळखली जाई. ओळखपत्रावर एक नाव, गावच्या जन्मदाखल्यावर दुसरं, निकाहनाम्यावर तिसरं. जिवंतपणी याने काही अडत नाही. मेल्यावर ही तीन नावं एकाच बाईची आहेत, हे तिच्या आईला सिद्ध करावं लागतं.

मृतदेह ताब्यात देताना प्रशासन अंत्यविधीसाठी २०,००० टका (टका हे बांगलादेशाचं चलन) रोख देत होतं. हेतू चांगला होता, मृतदेह गावी न्यायला पैसा तातडीने लागतोच. पण ओळख डोळ्यांनी पटवायची, शेजारी रोख रक्कम आणि भोवती रडणारी गर्दी, यातून चुका होणारच होत्या. काही मृतदेह चुकीच्या घरी गेले. मुद्दाम फसवणारे थोडे असतील. बहुतेकांना आपलं माणूस मिळालंच पाहिजे, अशी आस होती, आणि आठ दिवसांच्या मृतदेहात ती आस काहीही पाहू शकते. चुकीचा मृतदेह गेला की दोन घरं फसतात. एक परक्याच्या कबरीवर रडतं, दुसरं आयुष्यभर शोधत राहतं.

ज्यांची ओळख पटली नाही, त्यांना बेवारस मृतदेहांचे अंत्यविधी करणाऱ्या अंजुमन मुफिदुल इस्लाम या जुन्या संस्थेने ढाक्यातल्या जुराइन कब्रस्तानात पुरलं. पुरण्याआधी दात आणि हाडांचे नमुने घेतले आणि प्रत्येक कबरीला क्रमांक दिला. या सगळ्या प्रकरणात वेळेवर झालेलं हे सर्वांत मोलाचं काम. नमुना, मृतदेह आणि कबर यांचा क्रमांक एकच राहिला, म्हणूनच पुढे जुळणी शक्य झाली. घाईत सामुदायिक दफन झालं असतं, तर तो रस्ता कायमचा बंद झाला असता.

नमुने ढाका मेडिकल कॉलेजातल्या राष्ट्रीय डीएनए प्रयोगशाळेत गेले. मृतांचे ३२२ नमुने आणि पाचशेहून जास्त नातेवाइकांचं रक्त. एवढी जुळणी हाताने करणं अशक्य. एकेक नमुना शेकडो नातेवाइकांशी ताडून पाहायचा आणि त्यातही नातं कधी आईचं, कधी भावाचं, कधी लहान मुलाचं. शेवटी अमेरिकेच्या एफबीआयकडून मिळालेली संगणकप्रणाली वापरली गेली. नोव्हेंबर २०१३मध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर सहा महिने उलटून गेल्यावर, पहिल्या फेरीत १५७ जणांची ओळख पटली. नंतर आणखी काहींची पटली, सगळ्यांची पटली नाही.

न जुळण्यामागची कारणं समजून घ्यायला हवीत, कारण ती कुठल्याही मोठ्या अपघातात पुन्हा येतात. काही मृतदेह आधीच चुकीच्या घरी गेले होते, तेव्हा खऱ्या घरच्यांच्या रक्ताशी जुळणारा नमुना प्रयोगशाळेत नव्हताच. काही घरांतून रक्त देणारा फक्त नवरा होता. नवऱ्याच्या रक्तावरून बायकोची ओळख पटत नाही, त्याला आई, बाप, मूल किंवा सख्खं भावंडच लागतं. काहींचं जवळचं कोणी ढाक्यापर्यंत येऊच शकलं नाही. मदत करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात विचारायचा प्रश्न म्हणून हाच आहे: रक्ताच्या नात्यातलं कोण हयात आहे, ते कुठे आहे आणि त्याच्या येण्याजाण्याचा खर्च कोण उचलणार?

जुळणी झालेल्या घराला हातात काय मिळालं? कबरीचा क्रमांक लिहिलेला कागद. सहा महिने, वर्षभर 'बेपत्ता' असलेल्या मुलीची आई जुराइनला जाते, एकसारख्या पाट्यांच्या रांगांतून चालते आणि कागदावरचा आकडा असलेल्या पाटीपाशी थांबते. ती रडायला तिथे सुरुवात करते. तोवर तिला रडायचीही परवानगी नव्हती, कारण घरातलं कोणीतरी रोज म्हणत होतं, 'अजून काही सांगता येत नाही.'

एक लाख टका म्हणजे तेहेतीस महिने

बांगलादेशाच्या २००६च्या कामगार कायद्यात कामावरच्या मृत्यूची भरपाई ठरलेली होती: १,००,००० टका. वय कितीही असो, मागे मुलं चार असोत की एकही नसो. त्या वेळी कपडे उद्योगातलं किमान वेतन महिना ३,००० टका होतं. म्हणजे भरपाई फक्त तेहेतीस महिन्यांच्या पगाराएवढी. वीस वर्षांची मुलगी पुढची तीस वर्षं कमावणार होती, याचा त्यात कुठेही हिशेब नव्हता. २०१८च्या दुरुस्तीने ही रक्कम दोन लाख झाली, पण पद्धत तीच राहिली.

उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१४मध्ये मृत, बेपत्ता आणि कायमचं अपंगत्व आलेल्यांसाठी प्रत्येकी १४,५१,३०० टका सुचवले. ते अमलात आले नाहीत. दरम्यान पंतप्रधान निधीतून धनादेश वाटले गेले. कोणाला कमी, कोणाला जास्त आणि कशाच्या आधारावर, हे घरच्यांना कळत नव्हतं. शेजारच्या घराला आपल्यापेक्षा जास्त का मिळालं, हा प्रश्न दुःखात असलेल्या वस्तीत विष कालवतो. मदत कमी पडली तर माणसं सोसतात. मदतीचा हिशेब न सांगणं सोसत नाही. सूत्र जाहीर नसेल तर प्रत्येक वाटप अन्यायच वाटतो, ते खरोखर न्याय्य असलं तरी.

आयएलओच्या अध्यक्षतेखालची व्यवस्था

२० नोव्हेंबर २०१३ रोजी एक करार झाला. त्यात बांगलादेश सरकार, तिथल्या कारखानदारांच्या संघटना, देशातल्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, कपडे कामगारांच्या हक्कांसाठी मोहीम चालवणारे गट आणि काही परदेशी ब्रँड, एवढे सगळे एका समितीत बसले. आयएलओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कामगारविषयक संस्थेने, अध्यक्षपद घेतलं. आधार होता आयएलओच्याच १९६४च्या १२१ क्रमांकाच्या कराराचा, जो कामावरच्या इजेच्या भरपाईबाबत आहे. त्यात मृत कामगारामागे विधवा आणि दोन मुलं असतील, तर पगाराच्या निदान ५० टक्क्यांएवढी रक्कम नियमित मिळावी, असा किमान दंडक आहे. ठोक रक्कम कोणाच्या मर्जीने ठरवण्याऐवजी पगार, वय आणि मागे राहिलेली माणसं, यांवरून प्रत्येक घराचा आकडा काढायचा, हे तत्त्व तिथून आलं. यात बुडालेलं उत्पन्न आणि औषधोपचार धरले होते. यातना किंवा मानसिक त्रासाची किंमत त्यात नव्हती.

२०१४च्या वसंतात सावरमध्येच कार्यालय उघडून दावे घ्यायला सुरुवात झाली. कार्यालय सावरमध्ये असणं हा बारकावा वाटेल, पण त्याने मोठा फरक पडतो. ढाक्याला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि बसभाडं. त्यात एखादा कागद कमी पडला तर पुन्हा तेवढाच खर्च. आधी कोणते कागद लागतील ते समजावून द्यायचं, मग घरच्यांना बोलावून, बसवून, विचारून अर्ज भरायचा, असं हे काम चाललं. नोकरीचा पुरावा, मृत्यूचा दाखला किंवा डीएनए अहवाल, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, गावच्या युनियन परिषदेचा (आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था) वारस दाखला, बँक खातं. ज्यांचा डीएनए जुळला नाही, अशा बेपत्ता कामगारांच्या घरांनाही या व्यवस्थेत जागा होती. हा निर्णय माणुसकीचा होता आणि कायद्याच्या दृष्टीने धाडसाचाही. मृतदेह नाही म्हणून मृत्यू नाही, ही अडवणूक निदान इथे मोडली. एकूण २,८००हून जास्त दावे आले आणि ५,०००हून जास्त माणसांचा त्यात हिस्सा निघाला.

अडलं ते पैशापाशी. निधीत पैसे घालणं ब्रँडच्या मर्जीवर होतं. पैसे दिले म्हणजे जबाबदारी कबूल केली, असं धरायचं नाही, या अटीवरच ते येत होते. सगळे दावे भागवायला सुमारे ३ कोटी डॉलर लागणार होते आणि पैसा थेंबाथेंबाने आला. म्हणून घरच्यांनाही तसाच मिळाला. पहिल्या स्मृतिदिनाच्या आसपास ५०,००० टका आगाऊ. मग रकमेच्या ४० टक्क्यांपर्यंत. एप्रिल २०१५मध्ये, दोन वर्षं झाली तेव्हा, ७० टक्क्यांपर्यंत. ८ जून २०१५ला एका निनावी देणगीदाराच्या सुमारे २४ लाख डॉलरने राहिलेली तूट भरली आणि उरलेले हप्ते सुटले.

हप्त्यांचं नुकसान कागदावर दिसत नाही. एकरकमी दहा लाख आले, तर घर जमीन घेतं, दुकान टाकतं, मुलांच्या नावे ठेवतं. तेच पैसे चार तुकड्यांत, तारीख माहीत नसताना आले, तर पहिला तुकडा सावकाराकडे जातो, दुसरा थकलेल्या भाड्यात, तिसरा आजारपणात. भरपाई पूर्ण दिली, असं हिशेबात येतं. घराच्या हातात काहीच उभं राहत नाही. दिरंगाई हीच मोठी कपात होती.

पैसा कोणाच्या नावावर?

मेलेल्या मुलीचा नवरा आहे, तीन वर्षांचं मूल आहे आणि गावी आईबाप आहेत, ज्यांना ती दरमहा पैसे पाठवत होती. वारस कोण? सगळेच. सुरुवातीच्या धनादेशांच्या वेळी जो पुढे आला, त्याच्या नावावर रक्कम लिहिली गेली आणि घरं फुटली. सासऱ्याने सुनेला घराबाहेर काढणं, नवऱ्याने पैसे घेऊन दुसरं लग्न करणं आणि मूल आजीकडे टाकणं, विधवेच्या दुसऱ्या लग्नावरून भांडणं. याला लोभ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कमावतं माणूस गेलेल्या घरात प्रत्येकाला उद्याची भीती असते आणि ज्याच्या हातात धनादेश, त्याच्या हातात तग धरायची एकमेव दोरी असते.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक अवलंबिताचा हिस्सा वेगळा काढायचा आणि वेगळ्या खात्यात भरायचा. बायकोला पहिल्यांदाच स्वतःचं खातं मिळतं, आईला तिचं. मुलाचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत बांधून ठेवायचा. त्यावर घरातले नाराज होतात, कारण आज भूक आहे आणि पैसे बँकेत आहेत. म्हणून मुलाच्या रकमेवरचं व्याज दरमहा घरात येईल, अशी सोय हवी. नाहीतर खातं मोडायला लोक कोर्टकचेऱ्या करतात किंवा सावकाराकडे त्याच खात्याच्या भरवशावर कर्ज काढतात.

खरं तर दरमहा निवृत्तिवेतन हाच योग्य मार्ग आहे. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ला आग लागून २५०हून जास्त कामगार गेले. तिथल्या घरांसाठी जर्मन खरेदीदार किक कंपनीने २०१६च्या समझोत्यात ५१.५ लाख डॉलर दिले आणि तो पैसा सिंधच्या सामाजिक सुरक्षा संस्थेमार्फत दरमहा पेन्शन म्हणून द्यायचं ठरलं. बांगलादेशातही जून २०२२मध्ये कपडे उद्योगासाठी अशीच प्रायोगिक योजना सुरू झाली. सहभागी ब्रँड आपल्या खरेदीच्या मूल्याच्या ०.०१९ टक्के रक्कम त्यात घालतात आणि मृताच्या घरी दरमहा पैसे जातात. हजार टक्यांच्या मालामागे एकोणीस पैसे. राणा प्लाझाच्या घरांना जे मिळायला अडीच वर्षं लागली, त्यासाठी एवढीच रक्कम आधीपासून बाजूला पडायला हवी होती.

आपल्याकडच्या कायद्याशी ताडून

हा भाग इथे येतो, कारण मूळ एकच आहे. १९२३चा कामगार भरपाई कायदा अखंड हिंदुस्थानासाठी झाला आणि बंगालमध्येही तोच होता. बांगलादेश पुढे ठोक रकमेकडे गेला, भारतात रक्कम पगार आणि वयाशी बांधलेली राहिली. मृत्यू झाला तर मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा घटक, म्हणजे कायद्याच्या तक्त्यात त्या वयासाठी दिलेला आकडा. पगार कितीही असला, तरी जानेवारी २०२०पासून हिशेबाला १५,०००ची मर्यादा आहे. पंचवीस वर्षांच्या कामगाराचा घटक २१६.९१, म्हणजे ७,५०० गुणिले २१६.९१, बरोबर १६,२६,८२५ रुपये. चाळीस वर्षांच्या कामगाराचा घटक १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५. २१ नोव्हेंबर २०२५पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण पगार आणि घटकाचं सूत्र तेच आहे. कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असेल, तर वाट वेगळी: सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के दराने अवलंबितांना पेन्शन. त्यात विधवेचा हिस्सा तीन पंचमांश, प्रत्येक मुलाचा दोन पंचमांश आणि बेरीज जास्त झाली, तर प्रमाणात कपात.

या कायद्यातलं एक जुनं शहाणपण राणा प्लाझाच्या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. मृत्यूची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात द्यायची नाही, ती आयुक्तांकडे (संहितेत 'सक्षम प्राधिकाऱ्याकडे') जमा करायची आणि आयुक्त हिस्से ठरवून वाटतात. मालकाला आगाऊ म्हणून फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम देता येते. याचं कारण रोज दिसतं. तेराव्याच्या आतच मुकादम पाकीट घेऊन दारात येतो आणि 'हक्क सोडला'च्या कागदावर सही मागतो. अशा सहीने भरपाईचा हक्क जात नाही, करारच निरर्थक ठरतो. पण घरच्यांना ते माहीत नसतं आणि सही केली म्हणून ते पुढे दावाच करत नाहीत. दाव्याची मुदत दोन वर्षं आहे. रक्कम एका महिन्यात जमा झाली नाही, तर व्याज (१९२३च्या कायद्यात ते १२ टक्के होतं) आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागतो. कामगार ठेकेदाराचा असला, तरी मूळ मालकावर दावा करता येतो.

अंत्यविधी उरकला की लगेच करायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या कोणीतरी करायला हव्यात, कारण घरातलं माणूस त्या अवस्थेत नसतं. कामगाराच्या मोबाइलमधले पगाराचे मेसेज, हजेरीचे फोटो, मुकादमाशी झालेलं बोलणं दुसऱ्या फोनवर उतरवून ठेवायचं. फोन बंद पडला, सिम रद्द झालं की हा पुरावा जातो. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं आणि त्यांच्या गावचे पत्ते घ्यायचे, कारण महिन्याभरात ते दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. पंचनामा, एफआयआर आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागायच्या आणि मृत्यू दाखल्यावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतं का, ते तिथल्या तिथे पाहायचं. 'अपघात कामावर असताना झाला' ही ओळ पंचनाम्यात नसेल, तर त्याच आठवड्यात पोलिसांना लेखी कळवायचं. वर्षभराने तीच ओळ सिद्ध करायला साक्षीदार शोधत फिरावं लागतं.

आठवण कोणाची जमीन

सावरमध्ये जिथे इमारत होती, तिथे कामगार संघटनांनी २०१३मध्येच स्वतःच्या खर्चाने एक शिल्प उभं केलं: हातोडा आणि विळा धरलेल्या दोन मुठी. दरवर्षी २३ एप्रिलच्या रात्री मेणबत्त्या लागतात आणि २४ला सकाळी घरचे लोक फोटो घेऊन येतात. फोटो प्लॅस्टिकमध्ये घातलेले असतात आणि वर्षागणिक फिके होत जातात. मागची जागा वर्षानुवर्षं मोकळी पडून राहिली, पाण्याने आणि रानाने भरलेली. तिथे नावांसह कायमचं स्मारक व्हावं, ही घरच्यांची मागणी पहिल्या वर्षापासूनची आहे.

छायाचित्रकार आणि कामगार कार्यकर्त्या तसलीमा अख्तर यांनी ढिगाऱ्यात एकमेकांना मिठी मारलेल्या स्त्री-पुरुषाचा फोटो टिपला. तो जगभर छापला गेला. ते दोघं कोण, हे शोधण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण पत्ता लागला नाही. या दुर्घटनेतले सगळ्यात जास्त पाहिले गेलेले चेहरे बिननावाचे राहिले. त्यानंतर त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मृतांचे आणि बेपत्तांचे फोटो, नावं, गावं घरोघर फिरून जमवली. पुढे घरच्यांनी मिळून स्मृतीची गोधडीही केली: बंगालच्या कांथा टाक्यात, मुलांच्या आठवणी कापडावर शिवून. हे काम मनाला धरून ठेवतं, याचं कारण आहे. शोकसभेत एखादी बाई बोलायला उभी राहत नाही. हातात सुई असली आणि शेजारी तसंच दुःख असलेली दुसरी बाई बसलेली असली, की बोलणं आपोआप निघतं. ज्या घरांना मृतदेह मिळाला नाही, त्यांच्यासाठी तर नाव शिवलेलं ते कापड हाच एकमेव हातात धरता येणारा पुरावा होता.

अशा घरांचा शोक वेगळा असतो, हे मदत करणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. मृतदेह नसला की विधी अडतात, विधवेला विधवाही म्हणता येत नाही आणि सधवाही. तिला 'आता पुढचं बघ' म्हणू नये. 'तो येईल' असंही म्हणू नये. त्याचं नाव घेऊन त्याच्याविषयी विचारावं, कारण बाकी सगळ्यांनी त्याचं नाव घेणं बंद केलेलं असतं. पहिला वर्षदिन, पहिली ईद, मुलाचा शाळेतला पहिला दिवस, हे दिवस वहीत लिहून ठेवावेत आणि त्या दिवशी जावं. पहिल्या पंधरा दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज तिसऱ्या महिन्यात लागते, पैशाची चौकशी थंडावते आणि दार वाजत नाही तेव्हा.

मुलांचं काय झालं, याचं एक चांगलं उदाहरण गाइबांधा जिल्ह्यात आहे. राजशाहीच्या कॅडेट कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१४मध्ये तिथे ओर्का होम्स हे वसतिगृह काढलं आणि राणा प्लाझात आई किंवा बाप गेलेली मुलं शाळेसह तिथे वाढली. अशी सोय थोड्यांनाच मिळाली. बाकीची मुलं आजीआजोबांकडे गेली आणि त्यांतल्या मोठ्या मुली काही वर्षांत कपडे कारखान्यांतच लागल्या.

आणखी एक माणूस सहसा यादीतून सुटतो: ढिगाऱ्यात शिरलेला स्वयंसेवक. प्रशिक्षण नसलेले शेकडो तरुण पहिल्या तासापासून आत जात होते. अडकलेल्यांशी बोलत होते, काहींचे हातपाय कापून त्यांना सोडवत होते. त्यांची नोंद कोणाकडे नव्हती, म्हणून त्यांच्या मनावरच्या उपचारांची सोयही नव्हती. त्यांतल्या काहींचं आयुष्य नंतर सावरलंच नाही. कुठल्याही मोठ्या अपघातात मृतांच्या आणि जखमींच्या यादीबरोबर बचावाला गेलेल्यांची तिसरी यादी करायला हवी.

न्यायालय

इमारतीचा मालक सोहेल राणा चार दिवसांनी भारताच्या सीमेवर बेनापोल इथे पकडला गेला. २०१७मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली ती मालमत्तेचा हिशेब न दिल्याबद्दल. खुनाच्या खटल्यात २०१६मध्ये आरोप निश्चित झाले, पण साक्षी नोंदवायला प्रत्यक्षात २०२२ उजाडलं. घरच्यांच्या दृष्टीने भरपाई आणि खटला या वेगळ्या गोष्टी नाहीत. पैसे मिळाले, म्हणजे गप्प बसायचं ठरलं, असा अर्थ गावात काढला जातो आणि तो त्यांना सतत खोडून काढावा लागतो.

जुराइनमध्ये डीएनए जुळलेल्या कबरींवर घरच्यांना आता जाता येतं. न जुळलेल्या कबरींवर अजून फक्त आकडा आहे. त्या हाडांचे नमुने प्रयोगशाळेत गेले होते आणि त्यांची माहिती नोंदलेली आहे. मागे राहिलेलं सख्खं कोणी पुढे आलं, तर जुळणी अजून होऊ शकते. ती तीन-चार वर्षांची मुलं, ज्यांचं रक्त घ्यायला २०१३मध्ये कोणी आणलं नाही, आता सोळा-सतरा वर्षांची झाली आहेत.